पोखर्णीत जपानी सेनापती

चैत्र वद्य तृतीया, रविवार

सकाळी पोखर्णीच्या भागवतरावांचा फोन. ते देवस्थानचे विश्वस्त. नृसिंह जयंतीचं कीर्तन दरसालप्रमाणे माझंच, पण आज त्यांच्या आवाजात काहीतरी अडत होतं. शेवटी म्हणाले, "बुवा, राग मानू नका. पर अवंदा प्रल्हाद नको. लोकाला पाठ झालाय. खांब फुटायच्या आधीच पोरं 'फुटला फुटला' म्हणून वरडायलेत."

मी हसलो, पण लागलं. माझा प्रल्हाद ऐकून बायका डोळे पुसायच्या, आणि आता पोरं माझ्या आधी खांब फोडायलीत!

दुपारी वैदेही आली. मानवतहून एसटीनं, एकटीच, न कळवता, एक बॅग घेऊन. चहा झाल्यावर कपबशी बाजूला ठेवून म्हणाली, "अण्णा, मला परत जायचं नाही."

सासर म्हटलं की कुरबुर आलीच. दिनकररावांसारखं घर साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. बाप-लेक दोघेही वकील, मानवतला नाव, आणि माझ्यासारख्या कीर्तनकाराची मुलगी त्यांनी नारळावर नेली. मी तिला नीट समजावून सांगितलं. थोडी कळ काढ, म्हणालो, सगळं सुरळीत होईल. तिनं कपबशी उचलून आत नेली. समजूतदार आहे.

मग दिनकररावांना फोन लावला. जयंती झाली की मीच आणून सोडतो, असा शब्द दिला. ते म्हणाले, "आम्ही येतोच की पोखर्णीला. तिथूनच नेऊ." मोठ्या मनाचा माणूस.

चैत्र वद्य पंचमी, मंगळवार

आख्यान सुचेना. जी सुचतात ती सगळी कुणी ना कुणी करून चोथा केलेली. ओट्यापाशी बसून बायकोजवळ, विमलाजवळ, कुरकुरत होतो. वैदेही तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णा, एक सेनापती सांगू? जपानी आहे."

"नरसिंहाच्या देवळात जपानी?"

"ऐका तर."

एम.ए.ला तिचा इतिहास होता. सगळं तोंडपाठ. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौज ब्रह्मदेशातून आपल्या सरहद्दीवर आली, तेव्हा कोहिमावर चालून गेलेल्या डिव्हिजनचा हा प्रमुख. कोतोकु सातो. सोबत तीन आठवड्यांचा शिधा. पुढचं धान्य मागून पाठवतो, असं वरच्या सेनापतीचं वचन. निघताना निरोपाचा समारंभ झाला, तिथंच सातोनं आपल्या अधिकाऱ्यांना सांगून टाकलं की, चमत्कार झाला तरच आपण वाचू. आणि नुसत्या गोळ्यांनी नाही, त्या डोंगरांत उपासमारीनंही मरायची तयारी ठेवा.

"त्याला आधीच कळलं होतं?" मी विचारलं.

"कळतं, अण्णा. आत पाऊल ठेवलं की कळतं."

"मग गेला कशाला?"

"हुकूम होता. आणि समारंभ झाला होता ना एवढा."

पोरीनं काय सांगितलं! अंगावर काटा आला. विमला मात्र ऐकता ऐकता उठून आत गेली. तिला लढायांचं वावडंच आहे.

चैत्र वद्य अष्टमी, शुक्रवार

आज बैलांचा भाग लिहून झाला. धान्य वाहून न्यायचं बैलांच्या पाठीवर आणि धान्य संपलं की बैलच खायचे, अशी वरच्या सेनापतीची अक्कल. चिंदविन नदी ओलांडताना कितीतरी बैल वाहून गेले. जे पार झाले ते डोंगराच्या पायवाटांवर अडून बसले, दरीत घसरले. हा भाग ऐकताना पोखर्णीतला एकेक शेतकरी हळहळणार, हे मी आजच लिहून ठेवतो. त्यावर कटाव रचलाय, एका दमात म्हणायचा. विमला म्हणाली, "आधी दम तर आणा."

वैदेहीची भूक चांगली सुधारलीय. ताट वाढलं की कुणी काढून घेईल अशा घाईनं जेवते. लहानपणी घास घेऊन मागं लागावं लागायचं. विमलाला तिच्या बॅगेत फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या सापडल्या. मी म्हणालो, प्रवासातल्या राहिल्या असतील. विमला म्हणाली, "कालच्या आहेत." आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मीच काही चोरून खाल्लं असावं.

चैत्र वद्य एकादशी, सोमवार

मोठी अडचण. या गोष्टीत माघार आहे.

वचन दिलेलं धान्य आलंच नाही. माणसं गवत, कंद उकडून खाऊ लागली. सातोनं वर कळवलं, धान्य नाही, दारूगोळा नाही, एक जूनच्या आत मी फौज मागं घेतोय. वरून उत्तर आलं, आणखी दहा दिवस टिकाव धरा, निश्चय असेल तर देवही वाट देतात. आणि हा गडी सरळ मागं फिरला. जपानच्या फौजेत वरच्या हुकुमाशिवाय असं कुणी करत नसे.

मी वैदेहीला म्हणालो, "सगळं खरं, पण लोकांना मी टाळ्या कुठं वाजवायला लावू? पळाला म्हणून?"

ती ताडकन म्हणाली, "पळाला नाही. पुढं जायला हुकूम पुरतो, अण्णा. मागं फिरायला स्वतःचं डोकं लागतं."

वाक्य असं की मी तिथल्या तिथं ते साकीच्या चालीत बांधलं. आणि एकदम वाट मोकळी झाली. पूर्वरंगाला प्रल्हादच घ्यायचा! खांब नाही, नृसिंह नाही. फक्त एवढंच की पोरानं बापाची आज्ञा मोडली आणि देव पोराच्या बाजूनं उभा राहिला. मोठ्यांचा हुकूम मोडणं हाच कधीकधी धर्म असतो, हा सिद्धांत. उत्तररंगात सातो. असा सांधा मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

एका गोष्टीनं वाईट वाटलं. आज एकादशी, आणि वैदेहीनं उपास धरला नाही. "मी आता उपास करत नाही," म्हणाली. कीर्तनकाराच्या घरात! मी बोलणार होतो, तेवढ्यात विमलानं तिला तव्यावरची भाकरी वाढली, वर लोणी घातलं, आणि स्वतः साबुदाणा न खाता तिच्या शेजारी बसून राहिली.

वैशाख शुद्ध तृतीया, रविवार

अक्षय्य तृतीया. जावई आले होते, नचिकेतराव. आंबे आणले, वाकून नमस्कार केला. वैदेही आतून बाहेर आली नाही. मला शरम वाटली. ते मात्र शांत. हळूच म्हणाले, "तिच्या डोक्यात काहीतरी बसलंय, अण्णा. घरातलं कुणी चांगलं दिसत नाही तिला. बाबा म्हणतात, परभणीत एखाद्या डॉक्टरला दाखवून घ्या." किती समजून घेतात! मी म्हणालो, इथं आहे तोवर बघतो.

ते गेल्यावर आख्यानाचा शेवट घेऊन बसलो. सातोला पदावरून काढलं. कुणीतरी त्याच्यापुढं तलवार ठेवली, पोट फाडून घे म्हणून. तो नाही म्हणाला. म्हणाला, माझ्यावर खटला चालवा. त्याला कोर्ट हवं होतं, कारण तिथं सगळं बोलता आलं असतं. नेमकं तेच वरच्यांना नको होतं. त्यांनी डॉक्टर पाठवले आणि कागदावर लिहून घेतलं, याचं डोकं ठिकाणावर नाही. संपला खटला.

लिहिता लिहिता मला असा संताप आला! कसली ही माणसं! कुणी खरं बोलायला उभं राहिलं की त्याला वेडा ठरवून मोकळे. हे पद मी तारसप्तकात घेणार आहे. विमलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आंबे परत पाठवू का?" तिचं लक्षच नव्हतं.

वैशाख शुद्ध पंचमी, मंगळवार

भागवतराव घरी आले, तणतणत. "बुवा, ह्यो जपानी कुठून काढलाव? आपल्या पोरांवर गोळ्या झाडल्या की त्येनं! गावात इचारायलेत, देवळात दुश्मनाचं गुणगान करायलाव का म्हणून."

मी तांब्या-भांडं पुढं केलं. भागवतरावांचा शब्द म्हणजे पोखर्णीचा शब्द. वैदेही दारात उभी होती. तीच बोलली. "काका, तो देव नव्हता. त्याच्या देशाच्या फौजेनं लय वाईट कामं केलीत, ती झाकायची नाहीत. त्या लढाईत दोन्हीकडून, इंग्रजांच्या आणि आझाद हिंदच्या फौजेत, आपली माणसं मेली. पण हजारो उपाशी पोरं मरत होती आणि त्यांना मरू द्या म्हणून वरून हुकूम होता. एकानं नाही म्हटलं. एवढंच सांगायचंय."

भागवतराव खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "आपल्याकडंबी लष्करात गेलेली पोरं हायतच की. असा साहेब भेटला तर वाईट काय?" पाणी प्यायले आणि गेले. माझं कीर्तन वाचलं ते माझ्या लेकीमुळं. ही पोरगी वकिलाच्या घरात शोभतेच.

वैशाख शुद्ध अष्टमी, शुक्रवार

तालीम. बन्सीधर तबल्याला, वैदेही पेटीला. तिच्या बोटांत अजून सगळं आहे. दोन वर्षांत पेटीला हात लावला नव्हता म्हणे. सासरी पेटी नाही का, विचारलं तर म्हणाली, आहे, कुलपात आहे. जपत असतील.

सातोचा आवाज काही केल्या सापडेना. कधी फार गर्जना होते, कधी रडका होतो. उलट वरच्या सेनापतीचा आवाज पहिल्या फटक्यात जमला. इतिहासात त्याच्या तारेच्या दोनच ओळी आहेत, कीर्तनाला संवाद लागतो. वैदेहीनं घरगुती शब्द सुचवले: "थोडी कळ काढा. इतके दिवस काढले, आणखी थोडे काढा. सगळं सुरळीत होईल. आपल्या नावाचा विचार करा. चार लोक काय म्हणतील?" मी म्हणून दाखवलं. गोड आवाज, वडीलधारा, किंचित दमलेला. राक्षसासारखा ओरडणारा सेनापती कुणीही करील. हा असा मऊ सेनापती जास्त भयंकर वाटतो.

विमला दारातून म्हणाली, "हा आवाज तुमाला लय छान जमतो." बायकोकडून कौतुक म्हणजे दुर्मीळच. वैदेही पेटीचा भाता बंद करत होती, बराच वेळ.

वैशाख शुद्ध त्रयोदशी, बुधवार

उद्या कीर्तन. वैदेहीची बॅग भरायला विमलाला सांगितलं. ती म्हणाली, "मला कामं आहेत." काही कामं नव्हती, अंगणात बसून होती. शेवटी मीच भरली. साड्यांच्या घड्या मला येत नाहीत.

वैदेहीनं एकदा विचारलं, "अण्णा, सातो तुमाला खरंच आवडला का?" मी म्हणालो, "आवडला म्हणजे! असं काळीज माझ्यात असतं तर!" ती हसली. पण तिचे डोळे हसत नव्हते. उद्याच्या प्रवासाची काळजी असेल.

वैशाख पौर्णिमा, शुक्रवार

काल जे झालं ते आज सकाळी बसून लिहितोय. नीट लिहायला हवं, म्हणजे मला पुन्हा विसरता येणार नाही.

मंडप भरला होता. पहिल्या रांगेत दिनकरराव आणि नचिकेतराव. त्यांची गाडी कमानीजवळ, वैदेहीची बॅग आल्या आल्याच डिकीत ठेवलेली. पूर्वरंग रंगला. मध्यंतरात दिनकररावांनीच मला हार घातला, बुक्का लावला. उत्तररंगात बैल वाहून गेले तेव्हा माणसं खरोखर हळहळली, एक म्हातारा तर पागोट्यानं डोळे पुसत होता. मी मनात म्हटलं, आप्पाराव, जिंकलात.

मग आख्यानात वरच्या सेनापतीची तार आली. मी उपरणं सारखं केलं आणि सेनापतीच्या आवाजात सुरू झालो. थोडी कळ काढा. सगळं सुरळीत होईल. चार लोक काय म्हणतील.

बायकांच्या बाजूनं सरजाबाई उठली. दरसाल पुढं बसणारी, ऐन रंगात बोलून टाकणारी म्हातारी. कडाडली, "आरं त्येला काय जातंय सांगाया! त्येचं प्वाट भरलंय! लेकरं उपाशी मरायलीत अन् ह्यो कळ काढा म्हन्तोय! मुडदा बशिवला त्येचा!"

सगळा मंडप हसला, टाळ्या पडल्या. असा प्रतिसाद आला की मी पेटीकडं बघून मान डोलावतो, ती माझी सवय. बघितलं. वैदेही स्वर धरून बसली होती, खाली बघत. आणि तिच्या गळ्याची हाडं दिसत होती.

तो आवाज मी कुठं ऐकला होता, ते तेव्हा कळलं. तो मला जमवावा लागलाच नव्हता. तो माझाच होता. चहाची कपबशी बाजूला ठेवून बोलू लागलेल्या माझ्या लेकीशी मी तसाच बोललो होतो, तेच शब्द, तोच गोडवा. घाईघाईनं उरकलेली ताटं, कुलपातली पेटी, फडक्यातल्या पोळ्या. माझ्या घरी माणूस उपाशी आलं होतं आणि मी त्याच्याकडून आख्यान लिहून घेत होतो.

पुढचं काही आठवेना. गादीवर उभा राहून मी कधी अडलो नव्हतो. बन्सीधरनं तबल्यावर लग्गी लावून वेळ मारून नेली. सातोच्या उत्तरासाठी दिंडीच्या चालीत रचलेलं मोठं पद होतं, ते गेलं कुठल्या कुठं. वैदेहीनं मान वर केली. घाबरली होती, माझ्यासाठी. मग मी बोललो, गाऊन नाही, नुसतं बोललो. "तिकडं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नाही. माझी माणसं उपाशी आहेत. मी त्यांना परत न्यायलोय." सातोचा आवाज इतके दिवस सापडत नव्हता. काल तो रडकाही नव्हता आणि गर्जनाही नव्हती.

आरती झाली. लोक पाया पडायला येत होते. दिनकरराव जवळ आले. "छान झालं, आप्पाराव. चला, वैदेहीला निघू द्या आता, उशीर होतोय."

मी म्हणालो, "ती येणार नाही."

"हे काय नवीन? कीर्तन कीर्तनाच्या जागी, संसार संसाराच्या जागी."

"गाडीची डिकी उघडा, नचिकेतराव."

ते बापाकडं बघायला लागले. गर्दी थांबली होती. भागवतराव पुढं झाले, काय चाललंय ते त्यांना कळलं नसावं, पण माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उघडा की सायेब, बुवा म्हनायलेत तर." मी फेटा-उपरणं अंगावर तसंच ठेवून कमानीपर्यंत गेलो आणि बॅग काढून घेतली. ती माझ्या हातून खाली पडली. वैदेहीनं उचलली. विमलानं तिच्याकडून घेतली आणि कुणाला धरू दिली नाही.

येताना भागवतरावांच्या जीपमध्ये मी विचारलं, "जेवायला देत नव्हते का गं?" तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. परभणी येईपर्यंत बोलत होती. मी मध्ये एकही शब्द बोललो नाही. साऱ्या कीर्तनांपेक्षा हे अवघड गेलं.

सातो मोठा होताच. पण त्याच्या हाताखाली फौज होती. ही एकटी एसटीत बसून आली. बाप हुकूम सोडणार हे माहीत असून आली. आणि तो हुकूम ऐकल्यावरही चिडली नाही, डाळ निवडत बसली, मला कळेल अशा भाषेत मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मला तिच्या पाया पडावंसं वाटतंय. ती पडू देणार नाही.

वैशाख वद्य द्वितीया, रविवार

सकाळी दिनकररावांचा फोन. आवाज तोच, शांत आणि वडीलधारा. "आप्पाराव, त्या दिवशी तुम्ही चार लोकांत जे केलं ते बरं नाही केलं. आम्ही वकील माणसं. कोर्टात गेलं की मुलीच्या अब्रूचे धिंडवडे निघतील, सगळं बाहेर येईल. विचार करा. दहा-पंधरा दिवस घ्या हवं तर."

कोर्टाच्या पायरीला मी जन्मात शिवलो नाही. फोन हातात धरून नुसता उभा राहिलो. स्पीकर चालू होता, स्वयंपाकघरात सगळं ऐकू जात होतं. वैदेही भाकरी थापत होती. हात न धुता बाहेर आली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"बाबा, मी बोलतेय. कोर्टातच या. मला तिथंच बोलायचंय. सगळ्यांसमोर."

तिनं फोन ठेवला आणि पुन्हा परातीपाशी जाऊन बसली. फोनला पीठ लागलं होतं. विमलानं मला दोनदा हाक मारली, पाटावर बसा म्हणून, तरी मी तिथंच लेकीकडं बघत उभा होतो.